दुसऱ्या डोळ्याची साक्ष

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता घरोघरी परिचयाची झाली आहे. आजोबांच्या डोळ्यातले गढूळ झालेले भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवले जाते, पट्टी निघते आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख आजोबा स्वतः वाचून दाखवतात. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही, हे विचारायला कोणाकडे जावे लागत नाही. काल दिसत नव्हते, आज दिसते, एवढा पुरावा घरातल्या सर्वांना पुरतो.

याच्या उलट अनुभवही आपल्या कानावर येतो. "डोळ्यात लेसर मारून घेतला, चार खेपा घातल्या, पण फरक काही पडला नाही. उलट रात्रीचे जरा कमीच दिसते." मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याचा विकार जडलेल्या पुष्कळांच्या तोंडी हे वाक्य असते. अनेकदा त्यानंतर ते पुन्हा तपासणीला जातच नाहीत. उपचार फसला अशी त्यांची प्रामाणिक समजूत झालेली असते.

हा उपचार खरोखरच फसला का? त्यांच्यापुरते उत्तर द्यायचे तर, जसे दिसत होते तसेच दिसत राहणे हेच या उपचाराचे उद्दिष्ट होते. पण मग आणखी अवघड प्रश्न उभा राहतो. ज्याच्यावर उपचार झाला त्यालाच जर यश जाणवत नसेल, तर ते आहे हे आपल्याला कळले कसे? या लेखात आपण याच प्रश्नाचा मागोवा घेऊ.

पडदा आणि साखर

डोळ्याची तुलना कॅमेऱ्याशी करण्याची रीत शाळेत रूढ आहे. ती येथेही उपयोगी पडते. भिंग पुढे असते आणि प्रतिमा मागच्या दृष्टिपटलावर उमटते. बोलीभाषेत यालाच डोळ्याचा पडदा म्हणतात. मोतीबिंदूत बिघडते ते भिंग. भिंग बदलता येते. पण फिल्मच खराब झाली असेल तर उत्तम भिंग बसवूनही चित्र नीट येणार नाही. "मोतीबिंदू काढला, तरी दिसत नाही" या तक्रारीमागे काही वेळा हेच कारण असते.

दृष्टिपटल म्हणजे नुसती फिल्म नव्हे. ते जिवंत आहे, मेंदूचाच तो एक भाग आहे असे म्हटले तरी चालेल. जाडी अवघी पाव मिलिमीटरच्या आसपास, पण शरीरातल्या सर्वाधिक ऑक्सिजन वापरणाऱ्या ऊतींमध्ये त्याची गणना होते. हा ऑक्सिजन पुरवणाऱ्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या मधुमेहात वर्षानुवर्षे वाढलेल्या रक्तशर्करेमुळे दुबळ्या होत जातात. मग दोन गोष्टी घडतात. काही वाहिन्या पाझरू लागतात आणि दृष्टिपटलाला सूज येते. ही सूज पीतबिंदूवर, म्हणजे ज्या बिंदूने आपण वाचतो, चेहरे ओळखतो तेथे आली, की नजर मंदावते. दुसरीकडे काही वाहिन्या बंद पडतात आणि दृष्टिपटलाचे तुकडे उपाशी राहू लागतात. त्यांची भूक भागवण्यासाठी शरीर नव्या रक्तवाहिन्या उगवते. पण या नव्या वाहिन्या नाजूक आणि अस्थानी असतात. त्या फुटल्या की डोळ्याच्या पोकळीत रक्त उतरते. त्यांच्याबरोबर तयार झालेले व्रणाचे धागे आकसले की पडदा मागच्या भिंतीपासून ओढला जातो आणि सुटतो.

या सगळ्यात फसवी गोष्ट अशी, की नव्या वाहिन्या उगवल्या तरी त्या फुटेपर्यंत माणसाला चांगले दिसत असते. दुखत तर काहीच नाही. रक्त उतरले की एकाएकी अंधारते. पुष्कळदा हे रक्त काही आठवड्यांत आपोआप शोषले जाते आणि पुन्हा दिसू लागते. म्हणजे या रोगात नजर स्वतःहून खालीवर होत राहते. उपचारांच्या परीक्षेत खरी अडचण येते ती येथेच.

पहिल्या चाचणीतले मागे पडलेले

ही अडचण शिक्षकांना चटकन कळेल. समजा, पहिल्या घटक चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली दहा मुले निवडून आपण त्यांच्यासाठी जादा तास सुरू केला. दुसऱ्या चाचणीत त्यांतल्या बहुतेकांचे गुण वाढले. जादा तासाचा उपयोग झाला का? झालाही असेल. पण त्या दहांत काही मुले अशी असणार, की ज्यांना पहिल्या चाचणीच्या दिवशी ताप होता, कोणाच्या घरी लग्न होते, कोणी नेमका एकच धडा वाचला नव्हता. जादा तास न घेताही त्यांचे गुण वाढलेच असते. तळाची मुले निवडून काढली, की पुढच्या वेळी त्यांची सरासरी काही अंशी आपोआप वर येते.

रुग्ण डॉक्टरकडे जातो तोही बहुधा नजर सर्वांत वाईट असताना. त्या दिवशी काहीही उपचार केला, तरी त्यानंतर थोडे बरे वाटण्याची शक्यता असतेच. मग श्रेय त्या उपचाराला जाते. ज्यांना बरे वाटते ते चार लोकांना सांगतात, ज्यांना वाटत नाही ते दुसरा डॉक्टर गाठतात. अशा रीतीने प्रामाणिक डॉक्टर आणि प्रामाणिक रुग्ण मिळून एखाद्या निरुपयोगी उपचाराची कीर्ती वर्षानुवर्षे टिकवू शकतात.

दोन चमत्कारिक उपचार

विसाव्या शतकाच्या मध्याला मधुमेही दृष्टिपटलविकारावर खात्रीचा असा उपाय नव्हता. १९५३ साली पोल्सेन या डॅनिश डॉक्टरने एका मधुमेही स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. बाळंतपणात तिच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीला इजा झाली आणि त्यानंतर तिच्या डोळ्यांतला विकार मागे हटला. या एका निरीक्षणावरून कल्पना पुढे आली, की ही ग्रंथीच काढून टाकली किंवा निकामी केली तर? पुढची पंधरा-वीस वर्षे अनेक देशांत अशा शस्त्रक्रिया झाल्या. ही ग्रंथी शरीरातल्या इतर अनेक ग्रंथींवर हुकमत चालवते. तेव्हा डोळ्यासाठी रुग्णाने मोजलेली किंमत किती मोठी होती, याची कल्पना यावी.

दुसरा उपचार तितकाच विचित्र होता. ९ जुलै १९४५ रोजी युरोपात सूर्यग्रहण दिसले. ते उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजून घेतलेला एक वैद्यकीय विद्यार्थी गेर्ड मायर-श्विकेराथ या जर्मन नेत्रतज्ज्ञाच्या पाहण्यात आला. पडद्यावर पडलेला नेमका आणि छोटा डाग पाहून त्याच्या मनात आले, की सूर्य जर असा डाग पाडू शकतो, तर हव्या त्या ठिकाणी, हवा तेवढाच डाग आपण का पाडू नये? हॅम्बुर्गच्या रुग्णालयाच्या गच्चीवर आरसे लावून त्याने सूर्यप्रकाश खाली आणला आणि रुग्णांच्या डोळ्यांत सोडला. पण जर्मनीतल्या ढगाळ हवेत सूर्याचा भरवसा धरता येईना. मग कार्बन आर्कचा दिवा आला, त्यानंतर झेनॉन वायूचा दिवा आला. १९६० साली लेसरचा शोध लागल्यावर काही वर्षांतच लेसरही डोळ्यात पोचला.

मधुमेहात हे डाग कोठे पाडायचे? बॉस्टनच्या जोसलिन क्लिनिकमधील विल्यम बीथम आणि लॉइड आयेलो यांना एक गोष्ट दिसली होती. ज्या मधुमेहींच्या पडद्यावर एखाद्या जुन्या आजाराचे व्रण विखुरलेले असत, त्या डोळ्यांत मधुमेहाचा विकार फारसा बळावत नसे. म्हणजे पडद्याचा काही भाग मेलेला असणे हे उरलेल्या भागाच्या पथ्यावर पडत होते. तेव्हा पीतबिंदू वगळून कडेच्या भागात लेसरने शेकडो डाग मुद्दाम पाडावेत, असा विचार पुढे आला.

आता जरा विचार करा. डोळा वाचवण्यासाठी डोळ्याचाच काही भाग जाळायचा. त्याने थोडी दृष्टी कायमची जाणार हे नक्की. कडेचे दिसणे कमी होणार, अंधारात कमी दिसणार. या बदल्यात मिळणारा फायदा मात्र भविष्यातला आणि अनिश्चित. असा सौदा केवळ काही डॉक्टरांच्या चांगल्या अनुभवावर करायचा का? १९६८ साली अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील एअर्ली हाऊस येथे तज्ज्ञांची परिषद भरली. विकाराच्या पायऱ्या सर्वांनी एकाच पद्धतीने मोजाव्यात, यासाठी नमुना छायाचित्रांवर आधारलेली वर्गवारी तेथे आकाराला आली. आणि नीट चाचणीशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, हेही स्पष्ट झाले.

एक डोळा उपचाराला, दुसरा साक्षीला

ही चाचणी अमेरिकेत १९७१ नंतर उभी राहिली. १५ केंद्रांतील १७०० हून अधिक रुग्ण तीत सहभागी झाले. तिची मांडणी वर्गात शिकवावी इतकी सुंदर आहे.

तुलनेत दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे असायला हवेत, फरक फक्त उपचाराचा हवा, हे आपण जाणतो. पण माणसे सारखी नसतात. वय, मधुमेहाची वर्षे, रक्तदाब, आहार, औषधे घेण्यातली शिस्त, सारेच वेगळे. मग दोन अगदी सारखी माणसे आणायची कोठून? या संशोधकांनी उत्तर शोधले ते असे: एकाच माणसाचे दोन डोळे घ्या. त्यांचे वय एक, रक्त एक, साखर एक. मधुमेहाचा विकार बहुधा दोन्ही डोळ्यांत जवळपास सारखाच वाढतो. म्हणून दोन्ही डोळ्यांत विकार असलेले रुग्ण निवडले. उजवा की डावा, कोणत्या डोळ्यावर उपचार करायचा, हे डॉक्टरने ठरवायचे नाही आणि रुग्णानेही नाही. ते नाणेफेकीसारख्या यदृच्छ पद्धतीने ठरेल. दुसऱ्या डोळ्यावर उपचार करायचा नाही, फक्त लक्ष ठेवायचे. तो साक्षीदार.

नाणेफेकीचे महत्त्व कमी लेखू नये. डॉक्टरला निवड करू दिली, तर जो डोळा वाचण्यासारखा आहे तोच तो नकळत उपचारासाठी निवडेल, किंवा उलट जो वाईट आहे त्याची कीव करील. दोन्ही प्रकारे तुलना बिघडते. नाण्याला मात्र कोणाचीच दयामाया नसते, म्हणून त्याचा न्याय मानावा लागतो.

मोजमापही आधीच ठरवले होते. पडद्याची छायाचित्रे एकाच केंद्रात नमुना छायाचित्रांशी ताडून पाहिली जात. 'तीव्र दृष्टिनाश' म्हणजे काय, याची व्याख्या कडक होती. निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून ओळखता येणारे अक्षर दीड मीटरवरूनही न ओळखता येणे, आणि तेही चार-चार महिन्यांनी केलेल्या लागोपाठ दोन तपासण्यांत. दोनदा का? कारण एकदा रक्त उतरून अंधारलेला डोळा पुढच्या वेळेपर्यंत स्वच्छ झालेला असू शकतो. रोगाच्या चढउताराने फसायचे नाही, याची ही तजवीज होती.

शंभरांतले दहा

१९७६ साली दोन वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार न केलेल्या दर १०० डोळ्यांपैकी सुमारे १६ डोळ्यांत तीव्र दृष्टिनाश झाला होता. लेसर किंवा झेनॉनचा उपचार केलेल्या १०० डोळ्यांपैकी सुमारे ६ डोळ्यांत. ज्या डोळ्यांत नव्या वाहिन्यांची वाढ धोक्याच्या पातळीला पोचली होती, त्यांत हा फरक आणखी मोठा होता. उपचाराशिवाय १०० पैकी सुमारे २६, उपचाराने सुमारे ११. निकाल इतका स्पष्ट होता, की चाचणी संपण्याची वाट न पाहता नियम बदलले आणि धोक्याच्या पातळीवरील 'साक्षीदार' डोळ्यांवरही उपचार करण्याची मुभा दिली गेली.

तोटाही याच चाचणीने मोजला. काही रुग्णांची नजर किंचित कमी झाली, काहींचे दृष्टिक्षेत्र आकसले. झेनॉनमध्ये हे जास्त आढळले, आर्गॉन लेसरमध्ये कमी. म्हणून पुढे लेसर राहिला आणि झेनॉन मागे पडला. लेसरने केलेल्या या उपचारात अर्ध्या मिलिमीटर व्यासाचे ८०० ते १६०० डाग पाडले जात, प्रत्येक डागाला वेळ एक दशांश सेकंद.

आता पहिल्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. उपचार केलेले १०० डोळे डोळ्यांसमोर आणा. त्यांतले सुमारे ८४ डोळे दोन वर्षांत उपचाराशिवायही टिकले असते. ६ डोळे उपचार करूनही गेले. उरलेले १० डोळे उपचारामुळे वाचले. पण हे १० कोणते? ते त्या ८४ डोळ्यांत असे मिसळलेले आहेत, की कोणालाच वेगळे काढता येणार नाहीत. रुग्णाला नाही, डॉक्टरलाही नाही. ९४ जण म्हणणार, "होते तसेच आहे." त्यांतल्या दहांचे 'होते तसेच आहे' म्हणजे दृष्टीचे दान आहे, पण त्या दहांना हे कळण्याचा काही मार्ग नाही. जे टळले ते दिसत नाही. दिसतात ते सहा, ज्यांचा डोळा उपचार करूनही गेला, आणि गावात चर्चा होते तीही त्यांचीच.

लस, पोहण्याच्या तलावावरचा जीवरक्षक, धरणाची नियमित दुरुस्ती यांचेही असेच असते. यश म्हणजे काहीही न घडणे. असे यश एका माणसाच्या अनुभवात सापडत नाही. ते तुलनेत, मोजणीत सापडते.

'क्ष' घटकाचा शोध

डाग पाडल्याने फायदा का व्हावा? १९४८ सालीच आयझॅक मायकेलसन यांनी तर्क केला होता, की ऑक्सिजनला मुकलेले दृष्टिपटल एखादे रसायन सोडत असावे, आणि त्याच्या हाकेने नव्या वाहिन्या उगवत असाव्यात. या अज्ञात रसायनाला पुढे 'क्ष' घटक असे नाव पडले. कडेच्या उपाशी पेशी लेसरने कमी केल्या, की मागणी घटते, उरलेल्या भागाला ऑक्सिजन पुरतो आणि हाक थांबते, असे आज मानले जाते. घरात खाणारी तोंडे जास्त आणि शिधा कमी, अशी स्थिती असल्यावर जे गणित होते तेच हे.

'क्ष' घटकाचा शोध चाळीस वर्षे चालला. १९८९ साली रक्तवाहिन्यांची वाढ घडवून आणणारे व्हीईजीएफ नावाचे प्रथिन शुद्ध स्वरूपात ओळखले गेले. १९९४ साली मधुमेहींच्या डोळ्यांतील द्रवात ते वाढलेले असल्याचे दाखवून देण्यात आले. या संशोधनाचे प्रमुख होते लॉइड पॉल आयेलो, लेसरवाल्या आयेलोंचे चिरंजीव. आज या प्रथिनाला अडवणारी औषधे बारीक सुईने थेट डोळ्यात दिली जातात. विशेषतः पीतबिंदूच्या सुजेवर त्यांचा चांगला उपयोग होतो, आणि नजर टिकण्याबरोबरच अनेकांची ती सुधारतेही. म्हणजे येथे निदान काही रुग्णांना मोतीबिंदूप्रमाणे यश स्वतः अनुभवता येते.

तरी मोजणी चुकत नाही, कारण आता प्रश्न बदलतो: तीन औषधांपैकी चांगले कोणते? २०१५ साली अमेरिकेत ६६० रुग्णांवर झालेल्या चाचणीने याचे उत्तर दिले. तक्त्यावरची आणखी किती अक्षरे वाचता आली, हे माप धरले होते. सुरुवातीला नजर थोडीशीच कमी असेल, तर अफ्लिबरसेप्ट, बेव्हॅसिझुमॅब आणि रॅनिबिझुमॅब या तिन्ही औषधांनी वर्षाअखेर सुमारे ८ अक्षरांचा फायदा झाला. नजर बरीच कमी असेल, तर अनुक्रमे सुमारे १९, १२ आणि १४ अक्षरांचा. यांतले बेव्हॅसिझुमॅब हे मुळात कर्करोगावरचे औषध, आणि डोळ्यापुरत्या मात्रेत इतर दोहोंपेक्षा पुष्कळच स्वस्त. तेव्हा 'सर्वांत चांगले औषध कोणते' या प्रश्नाचे उत्तर 'कोणाच्या डोळ्यासाठी' हे विचारल्याशिवाय देता येत नाही. सौम्य विकार असलेल्या रुग्णाने केवळ महाग म्हणून महागडे औषध मागण्यात अर्थ नाही.

केव्हा मोजायचे?

यशाचे माप किती दिवसांनी घ्यावे, हाही तितकाच महत्त्वाचा मुद्दा आहे. याचे उत्तम उदाहरण १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सापडते. तीत इन्शुलिनवर अवलंबून असलेल्या १४४१ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाची साखर नेहमीच्या पद्धतीने सांभाळली, दुसऱ्याची अतिशय काटेकोरपणे. पहिल्या वर्षात काटेकोर गटातल्या काही जणांचा डोळ्यांचा विकार उलट वाढला! तेथेच चाचणी थांबवली असती, तर साखर आटोक्यात ठेवणे डोळ्यांना घातक, असा निष्कर्ष निघाला असता. पण वर्षे लोटली तसे चित्र पालटले. सरासरी साडेसहा वर्षांनी पाहता, ज्यांना सुरुवातीला विकार नव्हता त्यांच्यात तो होण्याचा धोका काटेकोर गटात शेकडा ७६ ने घटला होता. घाईने घेतलेले माप कधी कधी सत्याच्या नेमके उलट सांगते.

शस्त्रक्रियेबाबतही वेळेचाच प्रश्न होता. डोळ्याच्या पोकळीतला जेलीसारखा काचाभ द्रव, त्यात साचलेले रक्त आणि व्रणाचे धागे बारीक उपकरणाने कापून काढण्याची बंदिस्त शस्त्रक्रिया रॉबर्ट माखेमर यांनी १९७० च्या सुमारास अमेरिकेत मायामी येथे विकसित केली. पण रक्त आपोआप शोषले जाते का, याची वर्षभर वाट पाहावी की लवकर शस्त्रक्रिया करावी? पुन्हा चाचणी झाली. खूप रक्त उतरलेल्या डोळ्यांपैकी लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांत दोन वर्षांनी शेकडा २५ डोळ्यांची नजर चांगली होती, वाट पाहिलेल्यांत शेकडा १५. यातला दुसरा अर्थही लक्षात घ्यावा. लवकर शस्त्रक्रिया करूनही चारांतल्या तिघांची नजर तितकी चांगली राहिली नाही. विकार या थराला पोचल्यावर उत्तम शल्यचिकित्सकाच्या हातीही फार थोडे उरते. त्याआधी लेसरची वेळ असते, आणि त्याही आधी तपासणीची.

जे परत आले नाहीत

चाचणीत रुग्णांना आठवण केली जाते, त्यांची प्रत्येक भेट नोंदली जाते. प्रत्यक्षात तसे होत नाही. डोळ्यातली इंजेक्शने पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. नव्या वाहिन्यांवर ही इंजेक्शने लेसरइतकीच गुणकारी ठरतात, असे २०१५ सालच्या एका चाचणीत दिसले. पण मध्येच उपचार सोडून बऱ्याच काळाने परतलेल्या रुग्णांची तुलना २०१९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा वेगळेच चित्र पुढे आले. लेसर घेऊन गायब झालेल्यांपेक्षा फक्त इंजेक्शने घेऊन गायब झालेल्यांची अवस्था वाईट होती, त्यांच्यात पडदा ओढला जाऊन सुटण्याचे प्रमाण जास्त होते. लेसरचे डाग कायमचे असतात, औषध मात्र उतरते. ज्या शेतमजुराला तालुक्याच्या गावी जायला दिवसाची मजुरी बुडवावी लागते, त्याच्यासाठी कोणता उपचार चांगला, हे ठरवताना त्याची बसभाडे परवडण्याची ऐपतही उपचाराचाच भाग मानावी लागेल.

शिवाय जे परत येत नाहीत ते मोजणीतही येत नाहीत. शंभरांवर उपचार केला, साठ परत आले, त्यांतल्या पन्नासांना चांगले दिसते. मग यश किती? शेकडा ८३ की शेकडा ५०? उरलेले चाळीस बरे झाले म्हणून आले नाहीत, की आंधळे झाले म्हणून? हा प्रश्न न विचारता सांगितलेली टक्केवारी ऐकून घ्यावी, पण तिच्यावर विसंबू नये.

मोतीबिंदूच्या बाबतीतही जगाला हा धडा शिकावा लागला. शिबिरांत किती शस्त्रक्रिया झाल्या, हा आकडा पुष्कळ काळ अभिमानाने सांगितला जाई. त्यांतल्या कितींना दिसू लागले, हे पाहण्याची रीत सावकाश रुजली. १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या विचारविनिमयातून त्यासाठी निकष पुढे आले. शस्त्रक्रियेनंतर निदान शेकडा ८० डोळ्यांना ६/१८ किंवा त्याहून चांगले दिसावे, आणि ६/६० पेक्षाही कमी दिसणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५ च्या आत असावे. तेव्हा पट्टी काढताच दिसणारे यशसुद्धा मोजावे लागतेच.

वर्गात आणि घरात

ही सारी चर्चा वर्गात एका तासात अनुभवता येईल. मुलांना १ ते २० आकडे लिहून प्रत्येकापुढे 'हो' किंवा 'नाही' असे मनाला येईल ते लिहायला सांगा. मग वीस वेळा नाणे उडवून 'बरोबर उत्तरे' ठरवा आणि गुण द्या. सर्वांत कमी गुणांची दहा मुले पुढे बोलवा. नाणेफेकीने त्यांचे पाच-पाचांचे दोन गट करा. एका गटाला ग्लासभर 'बुद्धिवर्धक' पाणी द्या, दुसऱ्याला काही देऊ नका, आणि दहाही जणांची परीक्षा पुन्हा तशीच घ्या. पाणी प्यायलेल्यांचे गुण बहुधा वाढलेले दिसतील. वर्गात हशा पिकेल. मग दुसऱ्या गटाचे गुण फळ्यावर लिहा. तेही जवळपास तितकेच वाढलेले असतील. दुसरा गट नसता तर आपण काय समजलो असतो, हा प्रश्न मुलांनाच विचारावा.

आणि एक गोष्ट घरी न्यायची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत ४० वर्षांवरील मधुमेहींपैकी शेकडा १२.५ जणांत दृष्टिपटलाचा विकार आढळला, आणि शेकडा ४ जणांत तो दृष्टी घालवण्याच्या पातळीचा होता. यांतल्या अनेकांना आज उत्तम दिसत असेल. चष्म्याचा नंबर तपासून हा विकार कळत नाही. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा पाहावा लागतो, किंवा त्याचे छायाचित्र घ्यावे लागते. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने साधारण वर्षातून एकदा ही तपासणी करून घ्यावी. विकार आढळल्यास डॉक्टर सांगतील तितक्या वेळा करावी. आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाने घरातल्या मधुमेही आजी-आजोबांना, आई-वडिलांना एवढे जरी विचारले, की "पडदा शेवटचा कधी तपासलात?", तरी पुष्कळ साधेल.

आणि कोणी म्हणाले, की "लेसर घेऊन फरक काही पडला नाही," तर त्यांना १९७६ सालच्या त्या दुसऱ्या डोळ्यांची गोष्ट सांगावी. फरक पडला नाही, म्हणूनच पुढच्या तपासणीला जायचे आहे.